ट्रॉली आदळून स्प्रिंग पुन्हा पुन्हा तुटते? आधी जूल मोजा, किलो नंतर

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत घडलेली गोष्ट आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, भरलेली ट्रॉली रुळांवरून ढकलत शॉट ब्लास्टिंगच्या (छर्रे मारून माल साफ करण्याच्या) खोलीत न्यायची आणि शेवटी स्टॉपरवर टेकवायची, एवढंच काम. स्टॉपर म्हणजे जमिनीला चार फाउंडेशन बोल्टांनी आवळलेला चॅनेलचा खांब, आणि त्यावर शेजारी शेजारी बसवलेल्या दोन स्प्रिंगा. दर महिना-दीड महिन्याला त्यातली एक तुटायची. नवी बसवली की तीही तुटायची.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तिथले मिस्त्री माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. एका रविवारी ते तुटलेली स्प्रिंग पिशवीत घालून घरी आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "सर, कितींदा बदलायची? माल खराब येतोय का आमचं गणित चुकतंय, तेवढं बगा."

गणितच चुकत होतं. गंमत म्हणजे वर्गात मुलं जी चूक करतात, तीच ही चूक. म्हणून दोन्ही एकत्र लिहितो. कारखान्यात स्प्रिंग तुटत असो किंवा वहीत उत्तर चुकत असो, निदान सारखंच आहे.

तुटलेली स्प्रिंग नीट बघा

स्प्रिंग फेकून देण्याआधी उजेडात धरून बघा. मिस्त्रींनी आणलेल्या स्प्रिंगवर लाल ऑक्साइड होता, पण वेढ्यांच्या आतल्या, एकमेकांकडे तोंड असलेल्या बाजूंवर तो उडाला होता आणि तिथे तार चकचकीत झाली होती. एक वेढा दुसऱ्यावर जोरात आपटल्याची ही खूण आहे. कारखान्याच्या भाषेत स्प्रिंग 'सॉलिड' होत होती, म्हणजे सगळे वेढे एकमेकांना टेकून ती लोखंडाच्या नळीसारखी ताठ होत होती. त्यापुढे ती स्प्रिंग राहत नाही, घणाखालचा ठोकळा होते.

मी विचारलं, "तुटते ती दरवेळी कुठली?"

"डावी. कायम डावीच."

ही दुसरी खूण. दोन स्प्रिंगा असूनही एकच तुटत असेल, तर धक्का दोघींना सारखा मिळत नाही. स्प्रिंगांपुढच्या बफरच्या पाटीला ग्रीस फासून ट्रॉली हळूच टेकवली, तर डावीकडे ठसा आधी उमटला आणि उजवीकडे सात-आठ मिमी उशिरा. एका चाकाची कड झिजून ट्रॉली तिरकी चालत होती. चाक बदलल्यावर तो फरक गेला. एवढ्यावर थांबलो असतो तर डावीऐवजी आलटून पालटून दोन्ही तुटल्या असत्या. मूळ रोग वेगळाच होता.

चूक कुठे झाली

मिस्त्रींचा हिशेब असा होता: ट्रॉली दीडशे किलोची, माल साडेचारशे किलो, एकूण सहाशे. स्प्रिंगा दोन. म्हणजे एकेका स्प्रिंगने तीनशे किलो पेललं की झालं. स्प्रिंगवाल्याने त्याप्रमाणे ६० मिमी दबल्यावर ३०० किलो पेलेल, अशी स्प्रिंग दिली. दर मिमीला साधारण ५० न्यूटन (एक किलोचं वजन म्हणजे साधारण १० न्यूटन बल). दोन्ही मिळून दर मिमीला १०० न्यूटन.

ऐकायला अगदी बिनचूक वाटतं. पण ट्रॉली स्प्रिंगवर उभी नाही, ती रुळांवर उभी आहे. तिचं सहाशे किलो वजन रूळ आणि जमीन पेलतात. आडव्या मार्गावर स्प्रिंगचा त्या वजनाशी काही संबंध नाही. स्प्रिंगला पेलायचा आहे तो वेग. आणि वेग किलोत मोजता येत नाही.

आदळणाऱ्या वस्तूकडे बल साठवलेलं नसतं, गतिज ऊर्जा असते, म्हणजे वेगामुळे आलेली ऊर्जा, आणि ती जुलात मोजतात. बल जन्माला येतं ते ती वस्तू अडवली जाताना, आणि ते किती येईल हे अडवणाऱ्यावर ठरतं. तीच ट्रॉली गवताच्या गंजीत घुसली तर बल थोडं, भिंतीवर आपटली तर प्रचंड. म्हणून "ट्रॉली किती बलाने आदळते?" या प्रश्नाला स्प्रिंग कोणती हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. तरी पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, आणि उत्तराच्या जागी हाताशी असलेला एकमेव किलोचा आकडा, म्हणजे वजन, टाकून मोकळे होतात.

आधी वेग मोजला. मिस्त्रींचं म्हणणं, "पोरं हळूच ढकलत्यात." रुळाकडेला खडूने एक मीटरच्या दोन खुणा केल्या आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. शेवटचा मीटर ट्रॉलीने एका सेकंदात पार केला, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा. डोळ्याला तो हळूच वाटतो.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग² = ½ × ६०० × १ = ३०० जूल.

आता ती जुनी जोडी सॉलिड होईपर्यंत किती ऊर्जा गिळते ते बघू. दाबायला सुरुवात होते तेव्हा बल शून्य, ६० मिमीला ६००० न्यूटन. मधल्या प्रवासात बल सरळ रेषेत वाढतं, म्हणून सरासरी ३००० न्यूटन. कार्य = ३००० × ०.०६ = १८० जूल.

आले ३००, गिळले १८०. उरलेले १२० जूल घेऊन ट्रॉली अजूनही सेकंदाला ०.६३ मीटरने पुढे चालली आहे आणि समोर आता स्प्रिंग नाही, लोखंड आहे. ते लोखंड, खांब, बोल्ट सगळं मिळून समजा दोन मिमी वाकलं, तर सरासरी बल होतं १२० भागिले ०.००२, म्हणजे ६०,००० न्यूटन. सहा टन. सहाशे किलोच्या ट्रॉलीचे सहा टन होतात ते असे, आणि डावी स्प्रिंग त्यापायीच तुटत होती.

वेगाचा आकडा पुन्हा बघा. स्प्रिंगचा सगळा ६० मिमी प्रवास संपला, साठ टक्के ऊर्जा गेली, तरी वेग १ वरून फक्त ०.६३ वर आला. स्प्रिंग सुरुवातीला फार काही करत नाही, तिची खरी कमाई शेवटच्या थोड्या मिलिमीटरांत असते. आणि आपण नेमका तोच तुकडा कापून टाकलेला असतो.

"जाड तारेची घाला" हा उपाय का फसला

माझ्याकडे येण्याआधी मिस्त्रींनी एक प्रयोग करून बघितला होता. स्प्रिंग मोडते म्हणजे ती नरम आहे, सरळ तर्क. त्यांनी दुप्पट ताकदीची मागवली, एकेक सहाशे किलो पेलणारी. तार जाड, वेढे कमी, त्यामुळे दबायला जागा ६० ऐवजी ३० मिमी. ती बसवल्यावर स्प्रिंग काही दिवस टिकली, पण खांबाचे ट्रॉलीकडच्या बाजूचे दोन फाउंडेशन बोल्ट काँक्रीटसकट उपसून आले.

या जोडीचा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. दोन्ही मिळून जास्तीत जास्त बल १२,००० न्यूटन, सरासरी ६०००, प्रवास ०.०३ मीटर. कार्य = १८० जूल.

मिस्त्री कागदाकडे बघतच राहिले. "म्हंजे तेवढंच?"

तेवढंच. ताकद दुप्पट झाली, प्रवास निम्मा झाला, गुणाकार जिथल्या तिथे. पैसे दुप्पट गेले आणि एक जूलही जास्त पदरात पडला नाही. उरलेले १२० जूल पूर्वीसारखेच लोखंडावर आदळत राहिले, फक्त आता स्प्रिंग मजबूत म्हणून कमकुवत दुवा बोल्टांकडे सरकला.

रॉबर्ट हूकने १६७६ साली आपला नियम कोड्यात, अक्षरं उलटसुलट करून छापला आणि १६७८ साली त्याची उकल सांगितली: जसा ताण, तसं बल. हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो नियम बलाचा आहे, कार्याचा नाही. बल दाबाच्या, म्हणजे स्प्रिंग जितकी दबली त्या अंतराच्या, पटीत वाढतं. साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या पटीत. स्प्रिंगवाल्याच्या तक्त्यात किलो आणि मिमी छापलेले असतात, जूल कुठेच नसतात. ते आपल्यालाच काढावे लागतात: शेवटचं बल गुणिले पूर्ण प्रवास, त्याच्या निम्मे.

मग हवी कशी?

ऊर्जा समान धरायची (स्थिरांक म्हणजे स्प्रिंग एक मीटर दाबायला लागणारं बल): ½ × वस्तुमान × वेग² = ½ × स्थिरांक × दाब². दोन्हीकडचा ½ उडतो. यातून मिळतं:

दाब = वेग × √(वस्तुमान ÷ स्थिरांक)

सर्वाधिक बल = वेग × √(वस्तुमान × स्थिरांक)

दुसरी ओळ दुकानात टांगून ठेवण्यासारखी आहे. स्प्रिंग चौपट कडक केली तर दाब निम्मा होतो, पण बल दुप्पट होतं. खांब, बोल्ट, माल यांना सोसावं लागणारं बल कमी करायचं तर स्प्रिंग नरम पाहिजे आणि तिला दबायला भरपूर जागा पाहिजे. मनाला हे उलटं वाटतं, कबूल आहे. दुसरीकडे, वेग दुप्पट झाला तर दाब आणि बल दुप्पट होतात, पण ऊर्जा चौपट. १७२० च्या दशकात हॉलंडमध्ये विलेम स्ग्रावेसांडेने पितळी गोळे उंचावरून मऊ मातीत टाकून खड्डे मोजले आणि दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल जातो हे दाखवलं. तोवर मोठमोठी माणसं वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर भांडत होती. तेव्हा मुलं या जागी अडखळली तर मला नवल वाटत नाही.

आम्ही दोन्ही मिळून दर मिमीला ६० न्यूटन धरले, म्हणजे एकेक ३० न्यूटनची. दाब = १ × √(६०० ÷ ६०,०००) = ०.१ मीटर. शंभर मिमी. सर्वाधिक बल ६००० न्यूटन. पण वेग रोज एकच नसतो. एखादा पोरगा दम लावून ढकलतो आणि मीटरभर अंतर ०.८ सेकंदात जातं. मग वेग १.२५, ऊर्जा एकदम ४६९ जूल. म्हणून दबायला जागा १३० मिमी ठेवली. त्यात ५०७ जूल मावतात, म्हणजे १.३ च्या वेगापर्यंत स्प्रिंग सॉलिड होत नाही. आणि पूर्ण दबल्यावरही बल ७८०० न्यूटन, साधारण आठशे किलो. बाराशे किलोच्या 'मजबूत' जोडीपेक्षा ही आठशे किलोची 'नरम' जोडी जवळजवळ तिप्पट ऊर्जा गिळते.

स्प्रिंगवाल्याने शेवटी काय बनवलं तेही सांगतो, कारण लोक इथेच अडतात. १२ मिमी तार, मध्यव्यास ८० मिमी, कामाचे वेढे सव्वातेरा, मोकळी लांबी ३३० च्या आसपास. लांबी व्यासाच्या चौपटीपुढे गेली की दाबताना स्प्रिंग कुशीवर वाकते, म्हणून आत गाइड रॉड घातला. एकेक स्प्रिंग साडेतीन किलोच्या घरात. हे वजन महत्त्वाचं आहे. स्प्रिंगच्या पोलादावर ५०० मेगापास्कलचा पिळाचा ताण धरला, तर एक किलो तारेत ढोबळमानाने शंभर जूल मावतात. कडेचे वेढे काम करत नाहीत, ताण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. तीनशे जूल येत असतील आणि कुणी एक किलोची स्प्रिंग विकत असेल, तर तिची ताकद कितीही छापलेली असो, ती घेऊ नका.

तारेच्या जाडीबाबत सांभाळा. इतर सगळं तेच ठेवून तार नुसती वीस टक्के जाड केली, तर स्थिरांक दुपटीच्या वर जातो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. "जरा जाडच द्या" म्हणताना आपण काय मागतोय ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

ढकलणारे हात विसरू नका

ट्रॉली टेकल्यावरही पोरं ढकलणं थांबवत नाहीत. त्या हातांचं कार्यही स्प्रिंगलाच गिळावं लागतं. दोघांचं मिळून ३०० न्यूटन धरलं, तर समीकरणात ३०० × दाब एवढी भर पडते आणि दाब १०० ऐवजी १०५ मिमी येतो. हाताने ढकललेल्या ट्रॉलीत हे किरकोळ आहे. मोटरवर चालणाऱ्या ट्रॉलीत नाही. टोकाला मोटर बंद करणारा लिमिट स्विच अडकला आणि मोटर चालूच राहिली, तर स्प्रिंग दबत असताना मोटर ऊर्जा ओतत राहते. तिथे आधी स्विच तपासायचा, स्प्रिंग नंतर.

वर्गातली तीच गाठ

आता वहीत उत्तर चुकणाऱ्यांसाठी. आडव्या स्प्रिंगवर आदळणाऱ्या ठोकळ्याच्या गणितात सर्वांत जास्त दिसणारी चूक ही: बल = स्थिरांक × दाब, कार्य = बल × दाब, म्हणून कार्य = स्थिरांक × दाब². अर्धा गायब. बल पूर्ण प्रवासभर तेवढंच होतं असं गृहीत धरलं की तो जातो. आलेख काढा. बल उभ्या अक्षावर, दाब आडव्या अक्षावर, मूळबिंदूतून तिरकी रेषा. कार्य म्हणजे रेषेखालचा त्रिकोण, चौकोन नव्हे. मी मुलांना अर्धा पाठ करू देत नाही, दरवेळी त्रिकोण काढायला लावतो. कंटाळतात, पण विसरत नाहीत.

दुसरी चूक वरून पडणाऱ्या वस्तूची. २ किलोचा ठोकळा स्प्रिंगच्या ४० सेंटिमीटर वरून सोडला, स्थिरांक मीटरला ६०० न्यूटन, गुरुत्व त्वरण १० धरा. जास्तीत जास्त दाब किती? निम्मा वर्ग लिहितो: वजन = स्थिरांक × दाब, म्हणून २० ÷ ६०० = साधारण ३.३ सेंटिमीटर. कारण? "सर, ठोकळा तिथे थांबतो ना, मग बलं समान." थांबतो खरा, पण क्षणभर. वेग शून्य असणं आणि बल शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर फेकलेला चेंडू माथ्यावर थांबतो तेव्हा गुरुत्वाकर्षण सुट्टीवर जातं का?

३.३ सेंटिमीटरवर बलं समान होतात हे खरंच आहे, पण तिथे ठोकळा थांबत नाही, तिथे त्याचा वेग सर्वाधिक असतो. स्प्रिंगला शिवल्यावरही तो काही काळ वेग घेतच राहतो, कारण तोवर वजन स्प्रिंगच्या बलापेक्षा जास्त असतं. थांबण्याची जागा ऊर्जेनेच मिळते. ठोकळा एकूण खाली येतो तो उंची अधिक दाब इतका: २० × (०.४ + दाब) = ३०० × दाब². सोडवा, दाब ०.२ मीटर. ताळा बघा: डावीकडे २० × ०.६ = १२, उजवीकडे ३०० × ०.०४ = १२. बल १२० न्यूटन, वजनाच्या सहापट. आणि कंसातला तो 'अधिक दाब' विसरलात तर उत्तर १६ सेंटिमीटरच्या आसपास येईल. पर्यायांत तेही ठेवलेलं असतं, पेपर काढणारे काही भोळे नसतात.

उंची शून्य ठेवली, म्हणजे ठोकळा स्प्रिंगला टेकवून हात झटकन काढला, तरी दाब स्थिर दाबाच्या दुप्पट येतो. मिस्त्रींना हे अनुभवाने माहीत होतं. "क्रेननं माल झटक्यात सोडला की दोरखंड दुप्पट ओरडतो," म्हणाले.

एककांबद्दल थोडक्यात. स्प्रिंगच्या तक्त्यात किलो प्रति मिमी असतं, पुस्तकात न्यूटन प्रति मीटर. १ किलो प्रति मिमी म्हणजे ९८१० न्यूटन प्रति मीटर. उत्तर हजारपट किंवा दहापट चुकलं तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

एका मुलीने मात्र असा प्रश्न विचारला की मला खडू खाली ठेवावा लागला. तिने ट्रॉलीचंच उदाहरण घेतलं. ऊर्जेने सरासरी बल काढलं: ३०० जूल ÷ ०.१ मीटर = ३००० न्यूटन. मग संवेगाने काढलं: संवेग (वस्तुमान × वेग) ६०० × १ = ६००, थांबायला लागलेला वेळ आंदोलनाचा पाव आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याच्या वेळेचा पाव भाग, ०.१५७ सेकंद, म्हणून बल ३८२० न्यूटन. "सर, ट्रॉली तीच, स्प्रिंग तीच, सरासरी दोन कशा?"

दोन्ही बरोबर आहेत. पहिली अंतरावरची सरासरी, दुसरी वेळेवरची. ट्रॉली स्प्रिंगच्या सुरुवातीच्या मिलिमीटरांतून झपकन जाते, तिथे बल कमी असतं. शेवटच्या मिलिमीटरांत ती रेंगाळते, तिथे बल जास्त असतं. वेळेच्या हिशेबात रेंगाळलेल्या जागेचं वजन वाढतं, म्हणून सरासरीही वाढते. सरासरी बल विचारलं की "कशावरची सरासरी?" हे आधी विचारायचं. आणि बोल्टाला दोन्हींशी देणंघेणं नसतं, त्याला ६००० चं शिखर सोसावं लागतं.

नवी स्प्रिंग बसली, नवा त्रास

स्प्रिंग तुटायची थांबली, पण दोन दिवसांत फोन आला. "सर, ट्रॉली माघारी येती."

येणारच. चांगली स्प्रिंग घेतलेले तीनशे जूल जवळजवळ सगळे परत करते. पूर्वीची जोडी ते आवाजात, उष्णतेत आणि स्वतःच्या तुटण्यात उधळत होती, म्हणून ट्रॉली फारशी उसळत नव्हती. आता ती आली तेवढ्याच वेगाने ढकलणाऱ्याच्या नडगीवर परतत होती. हे मी आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी. स्प्रिंग ऊर्जा साठवते, संपवत नाही. संपवायला घर्षण किंवा तेल लागतं. मोठ्या स्थानकांत रुळांच्या टोकाला तेलाचे बफर असतात ते त्यासाठीच.

तेलाचा बफर बजेटात बसेना. म्हणून शेवटच्या अर्ध्या मीटरभर ट्रॉलीच्या दोन्ही कुशींना घासतील अशा जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या लावल्या. वजनकाट्याला हुक लावून ट्रॉली हळूहळू ओढून बघितली, तर पट्ट्यांमुळे २५ किलो जास्त ओढ लागली. सुमारे २४५ न्यूटन × ०.५ मीटर = १२३ जूल जातानाच संपले. स्प्रिंगला उरले १७७, त्याला दाब ७७ मिमी. परत येताना पट्ट्या पुन्हा १२३ खातात, उरतात ५४ जूल, वेग सेकंदाला ०.४ मीटर. पायाने अडवता येईल इतका. घर्षणाचं कार्य जाताना आणि येताना दोन्हीकडे उणेच असतं, त्याचा हा फायदा.

माल घसरायचा प्रश्न थोडा उरलाच. १०० मिमी दबल्यावर ट्रॉलीचं मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्व त्वरणाएवढं होतं, आणि लोखंडावरचं लोखंड तेवढ्याला सहसा टिकत नाही. पट्ट्यांनंतर मंदन कमी झालं, तरी पुढच्या कडेला लाकडी ठोकळा ठोकावा लागला.

मिस्त्रींनी पुढे स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. गाइड रॉडच्या मोकळ्या टोकावर त्यांनी जुन्या पाइपची एक घट्ट रबरी रिंग चढवली. स्प्रिंग दबली की पाटी रिंगला पुढे ढकलते, ट्रॉली मागे गेली तरी रिंग तिथेच राहते. रॉडवर मिमीच्या खुणा कोरल्या. दिवसातला सगळ्यात मोठा दाब संध्याकाळी वाचता येतो. पट्ट्या लावायच्या आधी तर रिंगचा आकडा थेट वेगच सांगायचा, कारण ६० चा स्थिरांक आणि ६०० किलो धरले की जितके मिमी तितका सेंटिमीटर प्रति सेकंद वेग येतो. एका सोमवारी रिंग ११८ वर होती. रात्रपाळीच्या पोरांना काही विचारावं लागलं नाही.

आता भरलेल्या ट्रॉलीला रिंग ७५-७७ च्या आसपास थांबते. बेल्टच्या पट्ट्या झिजत जातात तसतशी ती पुढे सरकते. नव्वदच्या पुढे दिसली की मिस्त्री पट्ट्या बदलतात.